बिब्ब्याची फुली

आमच्या गावात दुखणी दोन प्रकारची असायची: बिब्ब्याने जाणारी आणि दवाखान्याची. दवाखाना यवतमाळला, बिब्बा फडताळात. तेव्हा पहिला मान कोणाचा हे सांगायला नको. टाचेच्या भेगा, काटा मोडून झालेलं कुरूप, लचकलेली कंबर, थंडीत आखडलेला गुडघा, सगळ्यांवर तेच एक काळं, चपटं, गुळगुळीत फळ. आजी त्यात दाभण खुपसायची, ते दिव्यावर धरायची आणि फसफसून वर आलेलं तेल भेगेत टेकवायची. पाय आपोआप झटकला जायचा. "हां, लागलं," ती म्हणायची. कमरेला नुसतं टेकवून भागत नसे, तिथे फुली काढावी लागे. तशीच फुली लंगडणाऱ्या बैलाच्या खुब्यावरही निघायची, आणि बैल काही बोलत नसल्यामुळे त्याला गुण आला असं धरून चालत.

याच बिब्ब्याच्या पोटात गोडंबी असते. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत ती पडायची आणि आम्ही मुलं ती वेचून खायचो. वरचं टरफल कातडी जाळतं आणि आतलं बी बाळंतिणीला पोसतं, याचं कोणाला नवल वाटत नसे. विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढायचं काम बायका करतात. त्यांच्या बोटांवरचे काळे डाग आणि चट्टे पाहिले की लाडू उचलताना हात जरा अडखळतो. जराच.

एखाद्याला मात्र बिबा उतायचा. लावल्या जागेपुरता न राहता अंगभर पुरळ, सूज, डोळे मिटलेले. मग त्याला खोबरं खायला द्यायचं, तीळ वाटून लावायचे आणि "त्याला सोसत नाही" म्हणून विषय मिटवायचा. आत्या तर बिब्ब्याच्या झाडाखालून जायलाही भ्यायची. हे निदान काही चुकीचं नव्हतं. बिब्बा आंब्या-काजूच्या कुळातला. त्याच्या तेलातली द्रव्यं काही जणांच्या शरीराला एकदा खटकली की लक्षात राहतात, आणि पुढच्या खेपेला, बहुधा एक-दोन दिवसांनी, कातडी पेटून उठते.

नागपूरला वसतिगृहात राहायला गेलो तेव्हा माझ्या सदऱ्यांवर धोब्याची खूण पडू लागली. बिब्ब्याचा रस आणि चुना यांची ती खूण कापड विरलं तरी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर खाजरे चट्टे उठू लागले. डॉक्टरांनी छडा लावला, तर कारण निघालं कॉलरच्या आतली हीच खूण. १९४३ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेखही आला. आत्याला विचारलं असतं तर तिने कॉलर न उलटताच सांगितलं असतं.

जुन्या ग्रंथकारांनाही बिब्ब्याचा धाक होता. चरकसंहितेत तो रसायन म्हणून येतो, पण आगीसारखा. विधीने दिला तरच अमृतासमान. वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घोळवून शुद्ध करतात, सोबत तूप देतात. आजच्या औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीतही त्याची नोंद विषारी द्रव्यांत आहे. आजीच्या दाभणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिथे कसोटी एकच: आग झाली पाहिजे.

पुढे वाचत गेलो तसं कळलं की ही कसोटी एकट्या आमच्या गावाची नव्हे. १४ डिसेंबर १७९९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजून श्वास कोंडला, तेव्हा त्या काळच्या नामांकित डॉक्टरांनी त्याचं दोन लिटरहून जास्त रक्त काढलं आणि एका जातीच्या किड्यांची पूड लावून गळ्यावर फोड आणले. आतला विकार ओढून बाहेर काढायचा, हा विचार. त्याच रात्री तो गेला. आजी इंग्रजी शिकली असती तर या डॉक्टरांशी तिचं छान जमलं असतं.

मोठ्या माणसाने स्वतःची टाच भाजून घ्यावी, त्याला माझी ना नाही. पण मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याने 'डंबा' देतात, अशा बातम्या अजूनही येतात, तेव्हा बिब्ब्याबद्दलचं माझं सगळं कौतुक आटतं. ते बाळ "लागलं" म्हणणार नाही. आणि दवाखाना दूर असेल तर त्या आईला नुसतं अडाणी म्हणून आपण मोकळं होऊ शकत नाही.

शहाण्यासुरत्यांचं तरी काय वेगळं आहे? तालुक्याच्या दवाखान्यात नुसत्या गोळ्या दिल्या की पेशंटचा चेहरा पडतो. सुई हवी. अशक्तपणा असेल तर सलाईन हवं, कारण बाटली टांगल्याशिवाय आजारपणाला शोभा नाही. फुकाची सुई टाळणाऱ्या डॉक्टरला "त्याच्या हाताला गुण नाही" असं ऐकावं लागतं.

गेल्या वर्षी पुण्यात काकूच्या गुडघ्याला डॉक्टरांनी एक मलम दिलं. त्यात कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीचा तिखटपणा. उष्णता आणि तिखट ओळखणारा मज्जातंतूंवरचा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. मलम लावत राहिलं की सतत डिवचलेले तंतू हळूहळू थंडावतात आणि दुखण्याची कुरबूर कमी करतात. म्हणजे आग होणं हा इथे औषधाच्या कामाचाच भाग, आणि आजीची अर्धी बाजू राखली गेली. उरलेली अर्धी, मात्रेची आणि चाचणीची, तिच्याकडे कधीच नव्हती.

"सुरुवातीला आग होईल, डोळ्याला हात लावू नको," मी काकूला बजावलं.

"मग बरं," काकू म्हणाली. दोन आठवडे तिने नेमाने लावलं, आणि मग विचारलं, "याहून कडक नाही का रे मिळत?"

अमेरिकेत आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी असते, पण ती नागिणीनंतर राहणाऱ्या वेदनेसारख्या दुखण्यांसाठी, आणि तीही दवाखान्यातच लावतात, गुडघ्यासाठी नव्हे, असं मी सांगितलं. शेवटचं तिने ऐकलं नसावं. न्यू जर्सीतल्या नातवाला फोन लावून दे म्हणाली.