गवई मधोमध बसायला हवा

आमचं घर इंदूरमध्ये, दोन खोल्यांचं. त्यात चार माणसं, एक टीव्ही आणि दोन वर्षांपासून एमपीपीएससीची तयारी करणारा माझा धाकटा भाऊ. मी घरूनच काम करते, कंटेंट रायटर आहे. म्हणजे दिवसभर मिक्सरचे, गाद्यांचे, फेस सीरमचे गुण लिहायचे. वस्तू हातात न घेता तिच्याबद्दल सहाशे शब्द लिहिता येतात, हे मी पगार घेऊन शिकले आहे.

बाबा बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट ठरवली होती, आता निवांत गाणं ऐकायचं. इंदूरच्या मराठी माणसाला हे व्यसन बऱ्याचदा घरातूनच मिळतं. उस्ताद अमीर खाँ इथलेच, त्यांच्या गायकीला नावच इंदूर घराणं पडलं. कुमार गंधर्व इथून जवळच देवासला राहिले. बाबांना दोघेही हवेत, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे.

पण सकाळी भावाचा अभ्यास, दुपारी माझे कॉल, संध्याकाळी आईची मालिका. बाबा मोबाइलच्या स्पीकरवर मारवा लावायचे आणि आवाज वाढवत न्यायचे. एकदा भाऊ आतून ओरडला, “बाबा, सगळ्या कॉलनीला ऐकवायचंय का?” बाबांनी काही न बोलता मोबाइल बंद केला. दुसऱ्या दिवशी लावला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात गाणं बंद झालंय आणि कुणी त्याबद्दल बोलतही नाहीये.

मी लगेच कानात घालायचे इअरफोन आणून दिले. बाबांनी दहा मिनिटं ऐकले आणि काढून ठेवले. म्हणाले, “अगं, गवई माझ्या डोक्यात शिरून बसलाय. समोर बसून गायला हवा ना?”

मला हसू आलं, पण त्यांची तक्रार बरोबर होती. समोर बसलेल्या गायकाचा आवाज आपल्या दोन्ही कानांवर पडतो, तो जरा बाजूला असेल तर एकावर थोडा आधी, दुसऱ्यावर थोडा नंतर, भिंतींवरून परतलेला आणखी नंतर. कानाच्या पाळीचे वळसेही त्यात आपली भर घालतात. या सगळ्यावरून मेंदू ठरवतो की माणूस कुठे बसलाय. इअरफोन ही सगळी वाट टाळून थेट कानाच्या नळीत बोलतो. मग मेंदूला दिशा कळत नाही आणि तो गायकाला डोक्याच्या मधोमध बसवून टाकतो.

यावर खरा उपाय ओपन-बॅक हेडफोन. त्यांच्या वाट्यांना मागून जाळी असते, आवाज मोकळा बाहेर जातो, म्हणून ऐकताना खोलीत बसल्यासारखं वाटतं. पण तो बाहेर गेलेला आवाज शेजारच्या माणसालाही ऐकू येतो. दोन खोल्यांच्या घरात त्याचा उपयोग नाही. आम्हाला हवा होता मागून बंद असलेला, म्हणजे क्लोज्ड-बॅक. आणि तरीही त्यात गवई समोर बसायला हवा होता. बंद खोलीत अंगण मागण्यासारखंच होतं हे.

माझा आतेभाऊ पुण्यात डबिंग स्टुडिओत काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, “स्पीकर जसा पुढे आवाज टाकतो तसा मागेही टाकतो. बंद वाटीत तो मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, पुढच्यात मिसळतो, आणि सगळं गढूळ होतं. चांगल्या हेडफोनमध्ये हा परतणारा आवाज आत शोषून घेतात. तू वाटी मोठी बघ, गादी खोल बघ. कानाची पाळी कशालाच चिकटायला नको.” मग हेही म्हणाला की बंद म्हणतात तेही बऱ्याचदा पूर्ण बंद नसतात, खर्जासाठी एखादं बारीक छिद्र ठेवलेलं असतं.

जेल रोडवर दोन दुकानं पालथी घातली. तिथे लाल-हिरवे दिवे लागणारे गेमिंग हेडसेट होते आणि ब्लूटूथवाले होते. दुकानदार म्हणाला, “मॅडम, बेस बघा बेस!” बेस इतका होता की तबल्याचा डग्गा आणि ट्रकचा हॉर्न यात फरक कळेना. आसपासचा आवाज कापणारे नॉइज कॅन्सलिंगचेही पाहिले. पंख्याची, कूलरची एकसुरी घरघर ते छान कापतात. साधा क्लोज्ड-बॅक तिथे कमी पडतो, तो बोलणी आणि भांड्यांचा खणखणाट जास्त अडवतो. पण ते चार्ज करावे लागतात, आणि आमचे बाबा मोबाइलसुद्धा दोन टक्क्यांवर आल्याशिवाय चार्जिंगला लावत नाहीत. वायरवाला घ्यायचा, हे तिथेच ठरलं.

मग रात्री जागून वाचन. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१पासून जगभरच्या स्टुडिओंत दिसतो, स्वच्छ आवाजासाठी नावाजलेला, पण त्याची गादी पातळ. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स लोकप्रिय, वायर काढता येते ही मोठी सोय. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो क्लोज्ड-बॅकमध्ये मोकळ्या आवाजाचा म्हणून ओळखला जातो. त्याची वाटी मोठी, गादी मखमलीसारख्या कापडाची. या गादीनेच माझं मत पक्कं झालं, कारण बाबांना चष्मा आहे. चष्म्याची काडी गादी आणि कानशिलाच्या मध्ये फट ठेवते, त्या फटीतून खर्ज निसटतो, आणि तंबोऱ्यातला खर्ज गेला तर बाबांच्या दृष्टीने उरतं काय? मऊ कापडी गादी काडीभोवती बरी बसते. शिवाय मे महिन्यात इंदूरच्या उन्हाळ्यात रेक्झिनची गादी कानाला लावून बघा, पाच मिनिटांत घामाची धार लागते. कापडी गादी थोडा जास्त आवाज आत-बाहेर जाऊ देते, तेवढं मी चालवून घेतलं.

एक चूक होता होता वाचली. हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. मोठा आकडा म्हणजे जास्त चांगला, असं समजून मी २५०चा मागवणारच होते. आतेभावाने थांबवलं. ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध. २५०वाल्याला मोबाइल पुरेसा जोर देऊ शकत नाही, आवाज दबका येतो, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. शेवटी ८०चा घेतला आणि मोबाइलला हेडफोनचं भोकच नसल्यामुळे एक छोटं टाइप-सीचं डोंगलही. दोन्ही मिळून माझ्या पगाराचा मोठा तुकडा गेला. आईला मी अर्धीच किंमत सांगितली आहे. ती हे वाचणार नाही अशी आशा आहे.

रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाल्यावर खोका उघडला. आधी मी ऐकलं. एक नवं, स्टिरिओ रेकॉर्डिंग लावलं. तबला किंचित उजवीकडे, संवादिनी डावीकडे, तंबोरा मागे पसरलेला, आणि गायकाने श्वास घेतलेलाही ऐकू आला. अगदी समोर बसला होता असं म्हणणार नाही, पण डोक्यातून तरी बाहेर आला होता. भाऊ शेजारच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसला. “ऐकू येतंय?” तो म्हणाला, “पुसटसं. चालेल ताई.”

मग बाबांच्या कानांवर चढवला आणि त्यांचा लाडका मारवा लावला.

दोन मिनिटांनी त्यांनी भुवया आखडल्या. “गवई उजवीकडे सरकलाय.”

आता हे जुनं रेकॉर्डिंग मोनो आहे. मोनोमध्ये दोन्ही कानांना तंतोतंत तोच आवाज जातो, त्यामुळे गायक बरोबर मधोमध ऐकू यायला हवा. पैसे कितीही खर्च करा, मोनोतला गवई इकडेतिकडे होऊ शकत नाही. म्हणजे डावी बाजू खराब निघाली! मी चिडून खोका शोधायला लागले, परत करायची मुदत सात दिवसांची होती. तक्रार लिहिण्याआधी एकदा स्वतः तपासावं म्हणून कानाला लावला. गवई मधोमध. पिन काढून परत घातली. मधोमध. भावाला दिला. “सेंटरला आहे की.”

भावानेच हेडफोन उलटा करून बाबांना घातला, डावी वाटी उजव्या कानावर. हेडफोनमध्ये दोष असता तर गवई आता डावीकडे जायला हवा होता.

“अजून उजवीकडेच आहे,” बाबा म्हणाले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनाही कळलं. ते हेडफोन मांडीवर ठेवून म्हणाले, “फोन मी उजव्याच कानाला लावतो बरेच दिवस. मला वाटलं सवय आहे.”

भाऊ उठून आत गेला. कॉलनीला ऐकवायचंय का, हे वाक्य त्याला आठवलं असणार. मला तरी आठवलं.

पुढच्या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. बाबांना आवाजबंद खोलीत बसवून कानांवर हेडफोनच चढवले, उजव्यावर लाल, डाव्यावर निळा. टूँ असा बारीक आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून मी पाहत होते. उजव्या कानाच्या वेळी बटण भराभर दाबलं जात होतं. डाव्याच्या वेळी बाबा डोळे मिटून बसून राहिले, परीक्षेत उत्तर न आठवणाऱ्या मुलासारखे. वयानुसार दोन्ही कानांत थोडं कमी झालेलं, पण डाव्यात बरंच जास्त. एकाच बाजूला जास्त म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस आमच्या घरात टीव्हीसुद्धा हळू लागत होता. त्यात काही निघालं नाही.

डॉक्टरांनी डाव्या कानाला श्रवणयंत्र सुचवलं आहे. बाबा “बघू” म्हणाले आहेत. त्यांचं बघू आम्हाला माहीत आहे, त्यामुळे मीच पुढच्या महिन्याची ट्रायल ठरवून ठेवली आहे. हेडफोनबद्दल मी मुद्दाम विचारलं. ऐकायला हरकत नाही, पण कमी ऐकू येतं म्हणून आवाज चढवत नेऊ नका, असं ते म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि आवाज ८० डेसिबलच्या आसपास, अशी आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. मी मोबाइलमध्ये आवाजावर मर्यादा लावून दिली. भावाने पासवर्ड ठेवला.

त्यानेच आणखी एक गोष्ट शोधली. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, तिथे डाव्या-उजव्या आवाजाच्या तोलाची एक पट्टी असते. ती डावीकडे सरकवली की उजव्या बाजूचा आवाज उतरतो. एका संध्याकाळी अभ्यास सोडून तो बाबांच्या शेजारी बसला, मारवा लावला आणि पट्टीवर बोट ठेवलं.

“आता?”

“उजवीकडेच.”

थोडं सरकवलं. “आता?”

“अजून जरा.”

स्वयंपाकघरातून आईने कुकरच्या शिट्टीआड विचारलं काय चाललंय. कुणी उत्तर दिलं नाही. भाऊ केसाएवढं केसाएवढं बोट सरकवत होता. बाबांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी हात वर केला.

“बास. बसला मधोमध. आता जा तू, अभ्यास कर.”

तो गेला नाही. त्याने विचारलं, “बाबा, हा कोण गातोय?”