अमर अय्यारची झंबील

अब्बा दास्तान-ए-अमीर हमजा सांगायचे. त्यातल्या अमर अय्यारकडे झंबील असते. जादूची पोतडी, अख्खी शहरं तिच्यात मावतात. लेक पाच वर्षांची असताना अब्बांच्या जुन्या शेरवानीतून मी तिच्यासाठी तशी पोतडी शिवायला घेतली. अब्बा सांगतील ते जरीनं वर काढायचं: आधी उंट, मग एक शहर, मग मेघ.

“दास्तानमध्ये मेघ कुठंय, अब्बा?”

“रामटेकात राहतेस आणि विचारतेस?”

मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलाच डोंगर, हे इथं शाळकरी पोरंही सांगतात.

मेघ अर्धा झाला आणि अब्बा गेले. पोतडी अकरा वर्षं पेटीत. अकबराच्या चित्रशाळेनं हमजानाम्याची सुमारे 1400 चित्रं पंधराएक वर्षांत पुरी केली. माझा एक मेघ होईना. मी आळस म्हणायची. खरं तर पोतडी पुरी झाली की अब्बांचं सांगणं संपणार होतं.

यंदा आषाढात गडावर ढग उतरलेले, लाइट गेलेली. लेकीनंच पेटी उघडली. जरी काळी पडली होती. तीच वापरली, मेघाला शोभली. नाडी ओवून झाल्यावर लेकीनं आत हात घातला.

“नानांनी यात काय काय ठेवलंय?”

मी उंटापासून सांगायला घेतलं.