शिळी खबर

बुद्धिबळात लपायला जागा नसते. शत्रूचा हत्ती कुठे, घोडा कुठे, सगळं उघड्यावर. आमच्या घरच्या सागवानी पटावर काका मला हरवायचे, तेव्हा दिसत दोघांनाही सारखंच होतं. कळत त्यांना जास्त होतं.

तोच पट वसतिगृहात नेला आणि तिथे एका मित्राने ‘क्रीगस्पील’ शिकवलं. हेन्री टेंपल या इंग्रजाने १८९९च्या सुमारास काढलेला हा प्रकार. तीन पट, मध्ये चादरीचा पडदा, तिसऱ्या पटाशी पंच. आपल्याला फक्त आपलीच मोहरी दिसतात. उंट सरळ तिरका पळवायला जावं, तर पंच म्हणतो, “नाही.” त्या नकारातूनच उमगतं, की वाटेत कोणीतरी उभं आहे. पटाच्या रिकाम्या घरांचीही भीती वाटू शकते, हे मला तेव्हा कळलं.

पुढे संगणक आले. यवतमाळात बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेत आम्ही ‘एज ऑफ एम्पायर्स २’वर पडीक असायचो. न पाहिलेला मुलूख काळा, पाहून मागे सोडलेल्या मुलखावर धूसर छाया. त्यात ‘मार्को’ आणि ‘पोलो’ हे दोन शब्द टंकले, की सगळा नकाशा लख्ख! पोरं हटकून ते टंकायची, आणि थोड्याच वेळात कंटाळून उठायची.

आता पट बाजूला पडलाय. सुट्टीत भाचरं जमली, की आम्ही १८१८ची मोहीम खेळतो. विकत मिळणाऱ्या बहुतेक युद्धखेळांत दोघेही वरून, घारीच्या नजरेने सगळं पाहतात. आम्ही ते मोडलं. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये लष्करासाठी बसवलेल्या खेळातला पंच उसना घेतला. खरा नकाशा फक्त त्याच्यापाशी. दोन्ही बाजू वेगवेगळ्या खोल्यांत. जासूद निघाला, की जितका पल्ला तितक्या फेऱ्यांनी पोचणार. फौजेचा आकडा फाशावर. एक पडला, तर पंचाने दुप्पट सांगायचा. स्वतःच्या तुकडीचीसुद्धा खात्री नाही: शेवटची चिठ्ठी जिथून आली, तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि ती अजून तिथेच असेल असं धरून चालायचं.

मोहीम आमच्याच जिल्ह्यातली. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करायला दुसरा बाजीराव पेशवा पांढरकवड्याच्या मुलखात आला, पण मार्चमध्येच इंग्रजांनी आप्पासाहेबांना कैद केलं होतं. इंग्रजांचे सेनानी तीन बाजूंना: वणीकडे स्कॉट, हिंगणघाटाकडून अ‍ॅडम्स, पाठीवर डव्हटन. डव्हटनला चुकवून निघालेली फौज १७ एप्रिलला शिवणीजवळ थेट अ‍ॅडम्सच्या पुढ्यात आली. ३ जूनला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला.

शाळेत हा सगळा इतिहास ‘पळपुटा’ या एका शेऱ्यात आटोपायचा. पेशव्यांच्या बाजूने खेळणारी भाची मात्र दारातून डोकावून म्हणते, “मामा, अ‍ॅडम्स कुठी हाये, तेवढं सांग ना!” मी पंच, मला दिसत असतं, की तिच्या हातातली चिठ्ठी कधीच शिळी झालीय. बहुतेक डावांत पेशव्यांची फौज डव्हटनपासून लांब सरकते, आणि लांब म्हणजे नेमकी अ‍ॅडम्सकडे. गप्प बसणं हे पंचाचं सगळ्यात अवघड काम.

यातून बाजीराव निर्दोष सुटतो असं नाही. धुकं दोन्ही बाजूंना असतं. ते विरळ करायला कोण किती झटतो, हा प्रश्न. ज्या स्वराज्याच्या उभारणीत बहिर्जी नाइकांच्या हेरांचा वाटा होता, त्याच्या अखेरच्या दिवसांत पुण्यातल्या खबरा बाळाजीपंत नातू ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला, एल्फिन्स्टनला पोचवत होते. बातमी विकत घेणारा पक्ष बदलला होता. खेळात म्हणूनच जासुदांवर खर्च करायला कंपनीला जास्त पैसे दिलेत. भाची त्यावर दरवेळी भांडते.

अलीकडे आणखी एक नियम घातलाय. डाव संपला तरी खरा नकाशा लगेच उघडायचा नाही. शत्रू कुठे आहे असं आपल्याला वाटत होतं, ते आधी प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचं. पोरं कुरकुरतात, जेवणं खोळंबतात. पण मग नकाशा पाहिल्यावर “मला ठाऊकच होतं” म्हणायची कोणाची टाप नसते.