झुकणे आणि झुकवणे

इंग्रजी भाषेत ‘स्वे’ असा एक लहानसा शब्द आहे. वाऱ्यावर झाड डोलते, तेव्हा तो वापरतात. वक्ता श्रोत्यांचे मन वळवतो, तेव्हाही तोच शब्द योजतात. एखाद्या प्रदेशावर राजाचा अंमल चालतो, त्या अंमलालाही तेच नाव आहे. मराठीत मात्र या अर्थांसाठी डोलणे, मन वळवणे, पगडा, सत्ता असे निरनिराळे शब्द लागतात.

हालचाल आणि प्रभाव या कल्पना एका शब्दात कशा नांदतात? या शब्दाचे मूळ उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेत, ‘वाकवणे’ या अर्थाच्या क्रियापदात असावे, असे मानतात. वारा फांदीला वाकवतो, वाणी मनाला वाकवते आणि सत्ता माणसांना वाकवते.

या साऱ्या अर्थांचा प्रत्यय बंगळूरच्या इतिहासात येतो. १६३८ साली आदिलशाही फौजेने हे नगर केंपेगौडाच्या वंशजांकडून जिंकले. पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. सुमारे अर्धे शतक तेथे भोसल्यांचा अंमल राहिला आणि १६८७ मध्ये तो संपला. शहाजीराजांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ रचला. तो मुख्यतः संस्कृतात असला, तरी त्यात इतर अनेक भाषांतील रचनाही आहेत. एका मराठी सरदाराच्या दरबारात अनेक भाषांना मान होता, याची ही साक्ष होय. जहागीर गेली; ग्रंथ मात्र उरला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकात तो संपादून प्रसिद्ध केला.

भाषांचा परस्परांवरील प्रभाव असाच चिवट असतो. ‘अण्णा’, ‘अक्का’, ‘तूप’ हे शब्द मराठीने कन्नडकडून घेतले. त्यासाठी कोणी फर्मान काढले नव्हते. शेजार, व्यापार आणि सोयरीक यांनी ते काम केले. आज भाषेच्या नावाने वाद होतात, तेव्हा हे विसरले जाते. बंगळूरमध्ये घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत. दुसऱ्याची भाषा शिकताना त्यांची मातृभाषा उणी होत नाही.

वादळात ताठ वृक्ष उन्मळून पडतो, लवचिक वेत तग धरतो. भाषेचे आणि माणसाचेही तसेच आहे. मुळे घट्ट असली, की झुकण्यात कमीपणा नसतो.