सोडायचा मासा

कालनिर्णयाच्या पानावर मी आधी तिथी बघतो, मग वार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित किनाऱ्यावरच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट म्हणजे पावणेचार. पहाटे एकदा आणि दुपारी चारच्या सुमाराला पुन्हा पाणी भरणार. हिशेब ढोबळ आहे आणि मुळात मुंबईकडचा आहे. मालवणकडे भरती थोडी आधी येते आणि खाडीत आत शिरायला तिला पुन्हा वेळ लागतो. कर्लीच्या मुखाशी पाणी भरून थांबलेलं असतं, तेव्हा वर नेरूरपारच्या पुलाखाली ते अजून चढतच असतं. त्यामुळे गरवणारा माणूस कागदावरच्या वेळेत आपल्या जागेपुरता अर्धा-पाऊण तास मिळवतो किंवा वजा करतो. हा अर्धा-पाऊण तास जो तो आपापल्या खर्चानं शिकतो.

कर्ली नदी सह्याद्रीतून उतरते आणि समुद्र हाताशी आल्यावर एकदम मन बदलल्यासारखी दक्षिणेला वळते. मग बराच वेळ ती समुद्राला समांतर वाहते. दोघांच्या मधे तारकर्ली-देवबागची वाळूची पट्टी, काही ठिकाणी इतकी अरुंद की एका बाजूच्या पाण्यात पाय धुऊन दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत ते सुकतही नाहीत. पट्टीच्या टोकाला संगम, पलीकडे भोगवे. गळ टाकणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा मागता येणार नाही. खाडीत मासा लागेना तर वाळू ओलांडून समुद्रावर जायचं, समुद्र खवळला तर परत खाडीवर.

समुद्राची बाजू हिवाळ्याची. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, लाटा बसतात, पाणी निवळतं आणि पहिल्या फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडे मुडदुशी येते. वीतभर लांब, वाळूच्याच रंगाची. तिला सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो, तंगूस बारीक लागतो आणि शिसं हलकं. किनारा वाचायचा असतो: जिथे लाट फुटत नाही, तिथे खाली खळगा आहे, त्या खळग्याच्या कडेला मासा उभा. (पोहायला येणाऱ्यांना तीच शांत जागा सुरक्षित वाटते. ती तशी नसते. किनाऱ्यावर आलेलं पाणी बहुधा तिथूनच परत जातं आणि माणसालाही घेऊन जातं.) मार्चनंतर दुपारी वायव्येचा वारा उठतो, पाणी गढूळतं आणि मुडदुशी संपल्यात जमा.

खाडीचं तंत्र वेगळं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ अशी असते की शिसं तळाला ठरत नाही. अष्टमीच्या भांगाला उलट. पाणी झोपलेलं, मासाही झोपलेला. मधल्या तिथ्या बऱ्या. त्यातही माझ्या अनुभवात एकादशी सगळ्यांत चांगली. पाणी नुकतं जोर धरू लागलेलं असतं. आता ज्या दिवशी घरात मासा शिजत नाही, नेमक्या त्याच दिवशी तो गळाला का लागावा, याचा जाब कोणाला विचारायचा? कांदळाच्या मुळांशी तांबोशी, दगडी बांधाच्या कडेला पालू आणि काळुंद्र, आणि सुकतीला व्हाळाच्या तोंडाशी चोणक.

चोणकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हे वाचणारे तुम्ही कुठले असाल कोण जाणे. रायगडात त्याला जिताडा म्हणतात, बंगालात भेटकी, तामिळनाडूत कोडुवा, आंध्रात पंडुगप्पा. गोव्यात तो आमच्यासारखाच चोणक. इतक्या भाषांत इतक्या प्रेमानं नाव घेतलेला मासा विरळा. काळुंद्राला केरळात करिमीन म्हणतात आणि 2010 साली तिथल्या सरकारनं त्याला राज्यमासा केलं. महाराष्ट्रानं 2023 मध्ये तो मान पापलेटला दिला. माझं मत कोणी विचारलं नाही. मी चोणकाला दिलं असतं.

या माशाची एक गोष्ट अशी की तो जन्मतो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे हाताएवढा चोणक बहुधा नर आणि कमरेला लागणारा जवळपास नक्की मादी. पावसाळ्याच्या दिवसांत या मोठ्या माद्या खाऱ्या पाण्याच्या ओढीनं खाडीच्या मुखाशी येतात, लाखो अंडी सोडतात, आणि पिल्लं भरतीबरोबर कांदळवनात शिरून वाढतात. ज्याच्या हाती मोठा चोणक लागतो, त्याच्या हाती पुढच्या कितीतरी वर्षांची खाडी लागलेली असते. हे कळल्यापासून मी एक नेम केला: मधल्या मापाचा घरी न्यायचा, मोठा सोडायचा. गळाचा उलटा काटा मी पकडीनं चेपून टाकतो, हात ओले करतो, माशाला पाण्याबाहेर फारसा काढत नाही आणि तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून ठेवतो, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत.

श्रावणातल्या एका शुद्ध दशमीला मी संगमावर होतो. नारळी पौर्णिमा पाच दिवसांवर होती. सातच्या सुमाराला पाणी थांबलं, मग सुकती लागली. नदीचं तांबडं गोडं पाणी वरून वाहत होतं आणि खाली समुद्राचं खारं. दोहोंची शीव फेसाच्या रेघेनं दिसत होती. त्या रेघेवर टाकलेल्या ल्युअरला चोणक लागला. तीन वेळा हवेत आला, डोकं झटकलं. वीसेक मिनिटांनी उथळात आणला तेव्हा माझ्या कमरेइतका भरला; नऊ-दहा किलोचा तरी असावा. मागे माझे मामा उभे होते.

मामा जन्मभर रापणीवर ओढायला गेलेले. रापण म्हणजे पन्नासएक माणसांनी किनाऱ्यावरून दोन टोकांना ओढायचं जाळं आणि आलेल्या मासळीत प्रत्येकाची वाटणी. एके काळी त्या वाटणीवर घरं चालली. पुढे बाहेरच्या मोठ्या बोटी आल्या, पर्ससीनची जाळी आली. 2016 मध्ये सरकारनं त्यांच्यावर निर्बंध घातले, पण रापणीत पूर्वीसारखी मासळी मामांनी नंतर पाहिली नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, पण बंदी उठली म्हणून समुद्र लगेच शांत होत नाही. थोडक्यात, श्रावण हा मामांच्या घरात हात आखडण्याचा महिना. मी मासा सोडला तेव्हा त्या दिवसाच्या भावानं पाच-सहा हजार रुपये पाण्यात गेले, आणि ते त्यांच्या डोळ्यांसमोर गेले.

ते लगेच काही बोलले नाहीत. विडी पेटवली. मग म्हणाले, ‘‘सोडूचोच होतो, तर धरलंस कित्याक?’’

मी म्हटलं, ‘‘मामानू, श्रावणात तुमच्या घरात मासो खातंत?’’

‘‘श्रावण घरात आसा. बाजारात नाय.’’

मी मादीचं, अंड्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना ते नवीन नव्हतं; पावसातल्या मोठ्या चोणकाच्या पोटात काय असतं, हे ज्यानं तो कापलाय त्याला कोणी सांगायला लागत नाही. त्यांचा मुद्दा निराळा होता. एक म्हणजे, तू सोडलेला उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात गावतलो, त्यात खाडीचा फायदा नाही आणि आपला तोटा. हे मी मनातल्या मनात खोडून काढलं: उद्यापर्यंत ती अंडी सोडेल, तेवढं पुरे. पण दुसरं जे म्हणाले ते खोडता आलं नाही. ‘‘खावचो तर खा,’’ ते म्हणाले, ‘‘पण तेचो खेळ करू नको. तेका काय म्हायती तू सोडतलंस म्हणून?’’

वीस मिनिटं तो मासा जिवाच्या आकांतानं झुंजला होता. मी त्या वीस मिनिटांसाठीच पहाटे उठलो होतो, हेही खरं. छंद म्हणून मासे धरणाऱ्या माणसाला सोडून देण्याचा जो अभिमान असतो, तो पोटासाठी धरणाऱ्यासमोर उभा राहिला की जरा आखूड पडतो. तरीही मामांचं सगळंच मला पटलं नाही. मादी वाचली, हे मी आजही जमेलाच धरतो. आणि खेळ करायचा नाही म्हणून विकायचा, हा हिशेबही मला पूर्ण बसत नाही.

आमच्यात एक तडजोड झाली आहे. नारळी पौर्णिमा होईपर्यंत मी मुखाशी जात नाही. जायचंच झालं तर वर खाडीत, काळुंद्र आणि तांबोशीसाठी. जे लागेल ते खायचं किंवा मामांच्या हवाली करायचं. मामांनी त्यांच्याकडून एवढंच कबूल केलं की त्या दिवसांत त्यांच्या पागात मोठा चोणक आला तर ते मला सांगणार नाहीत. मीही विचारत नाही.

यंदा मार्गशीर्षात ते माझ्याबरोबर मुडदुशीला आले होते. रॉड त्यांना आवडत नाही. हातातच दोर गुंडाळून ते घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि मी पहिली धरेपर्यंत त्यांच्या पिशवीत सात झाल्या होत्या. आठवी बोटाएवढी निघाली. तिला त्यांनी गळातून सोडवलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाण्यात टाकलं.