नंतर आठवण करा

आमच्या घरात दोनच गोष्टी अगदी वेळेवर होतात. एक सकाळचा चहा. आणि दुसरी, तो चहा घेऊन मी कॉम्प्युटरसमोर बसलो की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उगवणारी पाटी. 'आपले अँटीव्हायरस जुने झाले आहे. अपडेट करायचे का?' खाली दोन बटणं. एक 'आता' आणि दुसरं 'नंतर आठवण करा'. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचं बोट कुठल्या बटणाकडे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

तसा मी निष्काळजी माणूस नाही हो. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतो. दोन जिने उतरून झाल्यावर गॅस बंद केलाय की नाही हे बघायला पुन्हा वर येतो. पण या पाटीशी माझं जुनं वैर. एकदा क्रिकेटचा सामना ऐन रंगात आला असताना या अपडेटपायी चित्र थबकलं आणि मध्यभागी नुसतं चक्र फिरू लागलं. चक्र थांबलं तेव्हा आपला जम बसलेला फलंदाज तंबूत परतलेला. त्याच दिवशी मी आपोआप होणारी सगळी अपडेटं बंद करून टाकली. पाटी तेवढी येत राहिली.

भाच्याला हे कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला.

"मामा, अँटीव्हायरस म्हणजे सोसायटीचा वॉचमन. संशयास्पद हालचालींवर त्याची नजर असतेच, पण मुख्य भिस्त चोरांच्या फोटोंच्या वहीवर. रोज नवे चोर तयार होतात. अपडेट म्हणजे वहीत नवी पानं. तुमचा वॉचमन गेल्या वर्षीची वही मांडीवर घेऊन बसलाय!"

"जुने चोर तरी पकडेल ना?" मी म्हणालो.

"आणि विंडोजचं अपडेट म्हणजे खिडकीचा निघालेला गज बसवणं. गज नसेल तर वॉचमन काय करणार?"

मग त्याने मला 'वॉनाक्राय'ची कथा ऐकवली. १२ मे २०१७ ला हा प्राणी सुटला आणि बघता बघता दीडशे देशांतल्या दोन लाखांवर कॉम्प्युटरांत शिरला. फायलींना कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. गंमत म्हणजे तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवायचं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी! जगात 'नंतर' म्हणणारा मी एकटाच नाही, एवढाच बोध मी त्यातून घेतला.

आणि एके दिवशी सौ.ला ईमेल आलं. 'आपले पार्सल परत जात आहे. सोबतची पावती उघडा.' तिने किसणी मागवलेली होतीच. तिने पावती उघडली. "यात काहीच नाही हो," म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकायला गेली.

अर्ध्या तासाने एकही फोटो उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावाला कसलंसं शेपूट फुटलेलं. पडद्यावर एक पत्र: बहात्तर तासांत बिटकॉइनमध्ये पैसे भरा. इतकं नम्र आणि मुद्देसूद पत्र मला हेड ऑफिसनेही कधी लिहिलं नव्हतं.

मुलीच्या लग्नाचे फोटो गेले. ते व्याह्यांकडे मिळाले असते. माझ्या कवितांची फाईल गेली; त्याबद्दल घरात कुणी हळहळलं नाही. पण त्यातच आईचा आवाज होता. जाण्याआधीच्या वर्षी स्वैपाकघरात बसून तिने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्या मी मोबाईलवर घेतल्या होत्या. मोबाईल पुढे बिघडला. उरली होती ती ही एकच प्रत. सौ. काही बोलली नाही. मीही नाही.

"देऊन टाकू पैसे," मी भाच्याला फोनवर म्हणालो.

"चोराच्या शब्दावर? पैसे देऊनही किल्ली मिळेलच असं नाही. आधी इंटरनेटची वायर काढा. आणि मामा, दिवाळीत मी हार्ड डिस्क दिली होती, ती कुठाय?"

ती कपाटात होती, शालूखाली. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून सौ.ने जी ठेवली, ती तशीच. कॉम्प्युटरला जोडलेली नव्हती, म्हणूनच वाचली. आमच्या आळसाने कुणाचं भलं केल्याचं हे एकमेव उदाहरण.

भाच्याने कॉम्प्युटर धुऊन पुसून साफ केला. आमच्या विंडोज १० ची नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपली होती, म्हणून ११ घातली. मग डिस्क जोडली. आई ओव्या म्हणू लागली. शेवटी ती म्हणते, "पुरे रे, बंद कर आता ते. भात लागेल." आम्ही ते तीनदा ऐकलं. आमचा भात खरोखरच लागला.

आता अपडेटं आपोआप होतात. दर महिन्याच्या एक तारखेला डिस्कवर नवी प्रत घेतो आणि वायर काढून ती शालूखाली परत ठेवतो. पाटी आली की मुकाट्याने 'आता'. मग सामन्याचं शेवटचं षटक का चालू असेना!

परवा सौ. म्हणाली, "इतके सुधारलात, तर मोरीतला नळ गळतोय, तोही बघा की."

मी म्हणालो, "नंतर आठवण कर."