ज्वारीचे देणे

बनशंकरीत आता बन उरलेले नाही. १९१५ साली येथे देवीचे देऊळ उभे राहिले, तेव्हा बंगळूर शहर बरेच दूर होते. आज मंगळवारी राहुकाळात उलटवलेल्या लिंबाच्या सालींत दिवे लावायला आलेल्या बायकांना जवळच्या मेट्रोची धडधड ऐकू येते. बदामीजवळच्या मूळ बनशंकरीला शाकंभरी म्हणतात. आम्हा देशावरच्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. रानाची आणि भाजीपाल्याची ही देवी येथे मात्र एका बसस्थानकाला आणि एका मेट्रोस्थानकाला आपले नाव देऊन बसली आहे.

अशा वस्तीत राहणाऱ्या माणसाला रानाची भूक लागली, तर त्याने काय करावे? आमच्या घरी ती संध्याकाळी चित्रवाणीच्या पडद्यावर भागवली जाते. आणि मौज अशी की ते रान कोरियातले असते. हे वेड घरात आणले माझ्या नातीने. तिला तिकडची गाणी आणि तिकडचे नट ठाऊक होते. त्या नटांच्या मागोमाग मी त्यांच्या शेतावर जाऊन पोहोचले! भाषा कळत नाही. पण खाली इंग्रजी अक्षरे सरकत असतात, आणि ती वाचता वाचता मेथीची जुडी निवडून होते.

माझे पहिले प्रेम जडले ते एका अगदी साध्या कार्यक्रमावर. ‘तीन वेळचे जेवण’ असा त्याच्या नावाचा अर्थ. ना यंग-सक या निर्मात्याने तो २०१४ साली सुरू केला. शहरी सवयीचे दोन नट गांगवॉन या डोंगराळ प्रांतातल्या जंगसन येथील एका घरात राहतात, अंगणातल्या वाफ्यांतून भाजी खुडतात, चुलीशी झटापट करतात आणि तीनदा जेवतात. इतकेच कथानक. पण त्यात एक खोच आहे. मांस हवे असेल तर ते उधारीवर मिळते, आणि ती उधारी फेडायची असते शेतातली ज्वारी कापून. पाहुणे येतात, मांस लागते, देणे वाढते. शेवटी दोघे स्वतःला ज्वारीचे गुलाम म्हणवून घेऊ लागतात. आमची नात पोट धरून हसते. मी मंगळवेढ्याकडची. मालदांडी ज्वारीच्या राशी पाहत वाढलेली. मलाही हसू येते, पण ते थोड्या निराळ्या कारणाने. ज्वारीचे देणे ही माझ्या माहेरी विनोदाची गोष्ट नव्हती.

तरीही हा कार्यक्रम प्रामाणिक आहे असे मी म्हणेन. घास तोंडात जाण्यापूर्वी त्यासाठी कोणाचे हात चालले, हे तो विसरू देत नाही. मला वाटते, निसर्गाच्या नावाने जे जे दाखवले जाते ते पारखण्याची हीच कसोटी लावावी. या कसोटीला पुष्कळ गाजलेल्या गोष्टी उतरत नाहीत. ‘जंगलचा कायदा’ या अर्थाच्या नावाचा एक साहसी कार्यक्रम २०११ पासून चालला. त्यातली मंडळी परदेशी अरण्यांत आणि बेटांवर जाऊन जे सापडेल ते पकडून खात. २०१९ साली थायलंडच्या संरक्षित समुद्रात त्यांनी महाशिंपले काढले, तिथल्या अधिकाऱ्यांनी तक्रार केली आणि मंडळींना क्षमा मागावी लागली. रान म्हणजे फुकटचे कोठार, अशी समजूत झाली की दुसरे काय होणार?

२०१८ चा ‘रानातले छोटे घर’ हा कार्यक्रम याच्या अगदी उलट, शांत. एक नट आणि एक नटी जेजू बेटावरच्या रानात वेगवेगळ्या झोपडीत एकेकटी राहतात. विजेच्या तारा नाहीत, नळ नाही. आज फक्त भात आणि एकच तोंडीलावणे खा, आज ओढ्याचा आवाज टिपून आणा, असे प्रयोग त्यांना नेमून दिलेले. दृश्ये फार सुंदर, आणि दमून आलेल्या माणसाला निववणारी. पण माझी आई जन्मभर एकाच तोंडीलावण्याशी भाकरी खात आली; तो प्रयोग आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते!

पाहावाच असा एक अनुबोधपट म्हणजे २०१६ चा ‘मुलसुम’. ‘पाण्यातला श्वास’ असा त्याचा अर्थ. त्याच जेजूजवळच्या उदो बेटावर म्हाताऱ्या बायका कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि शिंपले, समुद्री वनस्पती काढून आणतात. हेन्यो म्हणतात त्यांना. त्यांच्या परंपरेची २०१६ सालीच युनेस्कोने नोंद घेतली. प्रत्येकीचा दम वेगळा, त्यावरून तिची पायरी ठरते. श्वास संपत आला असताना तळाशी एखादा मोठा शिंपला दिसतो, आणि तेवढा घेऊन येते म्हणून ती थांबते. मग जो श्वास घेतला जातो तो पाण्याचा. दिग्दर्शिका को ही-यंग स्वतः जेजूची, म्हणूनच कदाचित तिने या बायकांना देव्हाऱ्यात बसवलेले नाही.

पण ज्याच्यासाठी हे सारे लिहायला बसले तो अनुबोधपट २००९ साली प्रदर्शित झाला. त्याच्या कोरियन नावाचा अर्थ ‘गळ्यातल्या घंटेचा आवाज’. ली चुंग-रयोल हा त्याचा दिग्दर्शक. बोंग्ह्वा भागातला ऐंशीच्या घरातला एक शेतकरी, त्याची बायको, आणि चाळीस वर्षांचा बैल. बैलाचे आयुष्य एरवी पंधरा-वीस वर्षांचे. म्हातारा एका पायाने अधू. बैल गाडीला जुंपलेला, आणि दोघेही सारख्याच संथ, दुखऱ्या चालीने वाट तुडवतात. बैलाच्या पोटात विष जाऊ नये म्हणून म्हातारा शेतावर औषध फवारत नाही. मुलांच्या आग्रहाखातर बैल बाजारात नेतो, कोणालाही परवडू नये अशी किंमत सांगतो आणि परत घेऊन येतो. त्या देशात सुमारे एकोणतीस लाख लोकांनी चित्रगृहात जाऊन हे पाहिले.

सगळे रडतात ते म्हातारा आणि बैल यांच्यासाठी. माझे लक्ष मात्र म्हातारीवरून हलेना. ती सारखी कुरकुरते. फवारणी नाही म्हणून तण माजते, आणि ते उपटायला वाकते ती. यंत्र नाही म्हणून कापणी हाताने. माझ्यापेक्षा तुम्हाला बैल प्यारा, असे ती ऐकवते, आणि खोटे बोलत नाही. म्हाताऱ्याच्या भूतदयेची अर्धी किंमत तिच्या कमरेने चुकती केलेली असते. दिग्दर्शकाने तिची कुरकुर गाळली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

नात विचारू लागली, तुमच्याकडे होते का ग बैल? होते. हरण्या आणि मोत्या, खिलारी जोडी, पाणीदार. १९७२ च्या दुष्काळात विहिरीचा तळ दिसू लागला, कडबा संपला, छपरावरचे जुने गवतही काढून घातले. आई खडी फोडायला जाई आणि आल्यावर पाण्याची वाट धरी. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आम्ही खात होतो. बैलांना काय घालावे? अण्णा त्यांना सांगोल्याच्या बाजारात घेऊन गेले. त्या कोरियन म्हाताऱ्यासारखी अवाच्या सवा किंमत सांगून परत आणायला गवताचा एखादा तरी हिरवा बांध लागतो. तो आमच्याकडे नव्हता. म्हणून अण्णांचे प्रेम कमी होते, असे मला कोणी सांगू नये.

“अण्णा रडले?” नातीने विचारले.

दिसले नाहीत. बाजाराहून आले, कासरे खुंटीला अडकवले आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून निजले.

“आणि आई?”

आई दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आधी उठली आणि रोजच्यासारखा गोठा झाडून आली. मग डोक्याला फडके गुंडाळून खडीवर गेली.